उतरलो समजा

मी संशयी बाई आहे, असं माझ्या सासरी लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरून गेलं. दूध आलं की मी पुन्हा मापून घेते. कुलूप लावलं की ओढून बघते. गॅस बंद केलाय असं कुणी सांगितलं तर मान हलवते आणि उठून जाऊन बघून येते. सासूबाई म्हणायच्या, "हिला देवानं येऊन सांगितलं तरी ही म्हणंल, दाखव." मला त्याचा कधी राग आला नाही, कारण ह्याच स्वभावावर मला पगार मिळतो. आखाडा बाळापूर आणि डोंगरकड्याच्या मधे, मोठ्या रस्त्यापासून जरा आत, हळदीचा एक कारखाना आहे. तिथलं विजेचं सगळं मी बघते. तारेकडं नुसतं बघून ती जिवंत आहे की मेलेली हे कुणाला सांगता येत नाही, आणि हात लावून बघायची सोय नाही. तेव्हा माणसानं आधी संशय घ्यावा आणि मग कामाला लागावं, हे बरं.

आमचे हे नेमके उलटे. तेही विजेतलेच. एका ठेकेदाराकडं लाईनमन आहेत, आणि कारखान्याच्या लाईनीचं काम त्याच ठेकेदाराकडं आहे. माझ्याकडं डिप्लोमा, त्यांच्याकडं आयटीआय. ह्यावरून घरात कधी वाजलं नाही. वाजतं ते एका शब्दावरून, आणि तो शब्द म्हणजे 'समजा'.

आमच्याकडं हा शब्द सगळ्यांच्याच तोंडी असतो. "आलोच समजा" म्हणणारा कळमनुरीच्या स्टँडवर नुकता चहा सांगत असतो. "झालं समजा" म्हणजे कामाला अजून हात लागलेला नाही. ह्यात कुणी कुणाला फसवतं असंही नाही, कारण ऐकणारा इथलाच असतो. तो मनातल्या मनात तासभर वाढवून घेतो आणि आपलंही काम तेवढंच लांबवतो. आमच्या ह्यांनी मात्र ह्या शब्दावर अख्खा संसार रेटला. "सिलिंडर आणलाच समजा" ह्या भरवशावर मी एकदा पाहुण्यांसाठी पुरणाची डाळ धुऊन बसले आणि शेवटी शेजारणीच्या चुलीवर पुरण शिजवलं. पाहुण्यांनी वर सांगितलं, चुलीवरच्या पुरणाची चवच वेगळी. हे माझ्याकडं बघून हसले, आणि त्या दिवसापासून मी पुरावा मागायला लागले.

पुरावा म्हणजे गाडीचा आवाज. फोनवर "निघालो" आलं की मी म्हणायची, "गाडी चालू करा, आवाज ऐकवा." ह्यांच्या मोटारसायकलच्या सायलेन्सरचा एक बोल्ट कधीचा ढिला आहे. ती खुळखुळत चालते, त्यामुळं शंभर गाड्यांत मी ती ओळखते. एकदा ह्यांनी हॉटेलात शेजारी बसलेल्या माणसाची गाडी चालू करून ऐकवली. मी विचारलं, "ही कुणाची?" त्यावर फोनच कट झाला. घरातल्या ह्या गोष्टी मी एवढी लांबण लावून सांगतेय, कारण पुढं जे झालं ते ह्याच सवयींमुळं झालं आणि ह्याच सवयींमुळं टळलंही.

गेल्या हळदीच्या हंगामात दुपारचं वारं सुटलं, पाठोपाठ गारा आल्या, आणि बाहेरून कारखान्याला येणाऱ्या लाईनीचे खांब ओळीनं आडवे झाले. आठवडा तरी लागंल, असं सांगून बोर्डाची माणसं त्या खांबांच्या मागं लागली. इकडं कारखान्याच्या दारात ओल्या हळदीच्या ट्रॉल्या उभ्या. हळद शिजवायला वाफ लागते, वाफेला पाणी लागतं, आणि पाणी येतं शिवाराच्या पलीकडं नदीवर असलेल्या पंपावरून. शेजारच्या तांड्याची टाकीही त्याच पंपावर भरते. पंपाला वीज जाते आमच्या कारखान्यातून, अकरा हजाराच्या आमच्या स्वतःच्या लाईनीवरून. कारखान्याचा जनरेटर तर नेमका हंगामाच्या तोंडावर दुरुस्तीला गेलेला. मालकांनी नांदेडहून एक जनरेटर भाड्यानं मागवला आणि त्याच्याबरोबर एक इंजिनिअर आला. पुण्याकडचा, तिशीतला, बोलायला गोड. गोड बोलणाऱ्यांवर माझा जरा जास्त संशय असतो.

बेत असा होता. कारखान्याचा मोठा ट्रान्सफॉर्मर, ज्याला गावात सगळे डीपी म्हणतात, तो रोज बाहेरचे अकरा हजार व्होल्ट घेतो आणि त्याचे चारशे करून आम्हाला देतो. आता त्याला उलट्या बाजूनं जनरेटरचे चारशे द्यायचे, म्हणजे वरच्या बाजूला अकरा हजार उभे राहतील, आणि ते पंपाच्या लाईनीवर सोडायचे. बोलायला सोपं. पण उलटी दिलेली वीज ही आमच्या धंद्यात सगळ्यात वाईट चीज. लाईनमन तिला रिटर्न म्हणतात. आपल्या बाजूचा स्विच पाडला, लाईन मेली असं धरून माणूस खांबावर चढतो, आणि पलीकडून कुणीतरी जनरेटर लावलेला असतो. आमच्या भागात असा एखादा माणूस प्रत्येक लाईनमनच्या ओळखीत असतोच.

म्हणून पहिल्या दिवशी मी बाहेरच्या लाईनीपासून आमचा कारखाना स्वतः तोडून घेतला. खांबावरच्या मोठ्या स्विचचा दांडा खाली ओढलेला होता. पण दांडा खाली आला म्हणजे वरची तिन्ही पाती उघडली असं होत नाही, एखादं गंजून चिकटून राहतं. मी उन्हात डोळ्यांवर हात धरून तिन्ही पाती बघितली, मग ह्यांना वर चढवून तारेचे जोडही सोडवले आणि बाहेरच्या तारांना साखळी टाकायला लावली. साखळी म्हणजे तिन्ही तारा एकमेकींना आणि जमिनीला बांधणारी. चुकून वीज आलीच तर ती माणसात न जाता जमिनीत जावी म्हणून. तिकडं पडलेल्या खांबांवर बोर्डाची माणसं काम करून राहिली होती. माझ्या हातून त्यांच्यापर्यंत काही जाऊ नये एवढंच मला पाहिजे होतं.

मग जनरेटर लावला आणि तो पहिल्याच फटक्यात आपटला. ट्रान्सफॉर्मर सोळाशे केव्हीएचा आणि जनरेटर अडीचशेचा. मालकांनी पुढं कारखाना वाढवू ह्या आशेनं एवढा मोठा घेऊन ठेवलाय. दोघांना जोडणारा ब्रेकर टाकल्याबरोबर ट्रान्सफॉर्मरनं ढम असा आवाज दिला, जमीन हलल्यासारखी वाटली, जनरेटर घुसमटून खाली बसला आणि सगळं बंद. त्या वेळी हे नदीवर पंपापाशी थांबले होते. त्यांचा फोन आला, हसत होते. "अगं, पंपावरचा बल्ब एकदम भपकन लागला अन् गेला. तुझा ढम इथवर कळाला." हसून झाल्यावर म्हणाले की शेवटच्या खांबावरचा तार धरणारा एक चिनी मातीचा इन्सुलेटर गारांनी आधीच तडकलेला दिसतोय, आता त्यानं ठिणगी टाकली, तो बदलावा लागंल.

म्हणजे दुसऱ्या दिवशी कामं दोन होती. नदीकडं ह्यांनी इन्सुलेटर बदलायचा, आणि कारखान्यात इंजिनिअरनं जनरेटर न आपटता ट्रान्सफॉर्मर उभा करायचा.

हे सकाळीच नदीकडं गेले. इकडं इंजिनिअरनं मला त्याची रीत समजावून सांगितली. "मॅडम, ट्रान्सफॉर्मर रिकामा असला तरी पहिल्या क्षणी फार ओढतो. पूर्ण व्होल्टेज एकदम दिलं की त्याचा लोखंडी गाभा जास्तच भरतो आणि जनरेटर बसतो. म्हणून आपण उलटं करू. आधी दोघांना जोडून ठेवायचं, मग इंजिन चालू करायचं, आणि व्होल्टेज हातानं, हळूहळू, अगदी खालून वर न्यायचं. काहीच ओढणार नाही." त्यासाठी त्यानं जनरेटरचं आपोआप व्होल्टेज धरणारं कार्ड काढून ठेवलं होतं आणि हातानं फिरवायचा एक नॉब बसवला होता.

मला पटलं. भरल्या गाडीला बैलांनी एकदम हिसका दिला तर जू मोडतं, रेटा दिला तर चाक हलतं. मी विचारलं, "मग ढम?"

"ढम नाही," तो म्हणाला, "काहीच नाही. कधी सुरू झालं ते कळणारसुद्धा नाही."

हे त्यानं अभिमानानं सांगितलं, आणि सांगण्यासारखंच होतं. मला मात्र ते ऐकून बरं वाटलं नाही. कधी आलं ते कळत नाही अशी कुठलीच गोष्ट मला आवडत नाही.

मग त्यानं ब्रेकर न टाकता इंजिन एकदा गरम करायला चालू केलं. नॉब पार खाली होता. "आत्ता शून्य आहे समजा," तो सहज म्हणाला. आमच्याकडं येऊन दोनच दिवस झाले होते आणि त्यालाही तो शब्द लागला होता. मी माझा मीटर काढून टोकं लावली. आठ-नऊ व्होल्ट दाखवत होता.

"असतात तेवढे," तो म्हणाला. "जुनं चुंबकत्व उरतं लोखंडात. त्यानं काही होत नाही."

"चारशेचे अकरा हजार होतात, म्हणजे सत्तावीसनं गुणा," मी म्हटलं. "पलीकडं अकरा हजाराच्या बाजूला किती झाले?"

त्यानं गुणले. दोनशेच्या वर होत होते. त्याला हे ठाऊक नव्हतं असं अजिबात नाही, तो कामात पक्का होता. उलट्या दिलेल्या अकरा हजाराला जमिनीचा आधार नसतो, एखादी तार शेतात तुटून पडली तरी जनरेटरला पत्ता लागत नाही, म्हणून ते ओळखणारा एक रिले त्यानं आपणहून आणला होता. तो फक्त मशिनीचा विचार करत होता, मशिनीला आठ व्होल्ट म्हणजे शून्यच. मी म्हटलं, "खांबावर माणूस हाय. तो खाली आल्याबिगर इंजिनच चालू करायचं न्हाई, व्होल्टेज तर दूरच." त्यानं वाद घातला नाही, इंजिन बंद केलं. मी किल्ली काढून घेतली. त्याच्या रीतीप्रमाणं ब्रेकर टाकून ठेवला, म्हणजे आता फक्त इंजिन फिरायची देर.

आणि मग वाट बघणं सुरू झालं. मालक सारखे येऊन विचारत, झालं का. ट्रॉलीवाले सावलीत बसून विचारत, झालं का. नदीकडं फोनला रेंज धड नसते, एक शब्द येतो आणि दोन जातात. मी ह्यांना फोन लावला.

"किती राहिलं?"

"झालं समजा."

मी फोन ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा लावला. तेवढ्यात मालक माझ्या डोक्यावर येऊन उभे राहिले होते, इंजिनिअर हात पुसत पुढं आला होता.

"उतरले का तुमी?"

"उतरलो शमजा."

"गाडी चालू करा. आवाज ऐकवा."

जरा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग गाडी चालू झाली. खुळखुळणारा सायलेन्सर, तोच, शंका नको. मालक म्हणाले, "ऐकलं ना? चला मग." इंजिनिअरनं किल्लीसाठी हात पुढं केला.

मी किल्ली दिली नाही. का दिली नाही ते मलाही लगेच कळलं नव्हतं. त्या आवाजात काहीतरी खटकत होतं. मग ध्यानात आलं, की गाडी ह्यांच्या आवाजापासून लांब वाजत होती. आणि दुसरं, 'शमजा'. आमचे हे बोबडे नाहीत. खांबावर काम करताना ते नट-बोल्ट ओठांत धरतात, दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून. आणि फोन डोक्याला गुंडाळलेल्या रुमालात कानाशी खोचतात, उन्हाळ्यात आमच्याकडं निम्मे पुरुष तसेच बोलतात. ओठांत बोल्ट असला की त्यांचा स घसरतो. जमिनीवर उभ्या माणसाला बोल्ट ओठांत धरायची काय गरज?

मी पुन्हा बोलायला गेले. "खरं सांगा, कुठं हायत?"

"अगं, आवाज आला न्हाई का? काहून उगं..." आणि रेंज गेली. पुन्हा लावला तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

मी ब्रेकर पाडला, किल्ली कमरेला खोचली आणि स्कूटीकडं निघाले. इंजिनिअर मागून म्हणाला, "मॅडम, कुठं निघालात? गाडीचा आवाज तर आला."

"गाडीचा आला," मी म्हटलं. "माणसाचा न्हाई."

मालकांनी कपाळावर हात मारून घेतला असणार, मी मागं वळून बघितलं नाही.

नदीचा रस्ता हळदीच्या शेतांमधून जातो. काढणी झालेली वावरं, त्यात वाळलेला पाला, धूळ. मी स्कूटी जेवढी पळेल तेवढी पळवली आणि सगळा वेळ मागं कान देऊन होते, जनरेटर चालू झाल्याचा आवाज येतो का म्हणून. किल्ली माझ्यापाशी होती. पण किल्लीशिवाय इंजिन चालू करणारी माणसं मी बघितली आहेत, दोन तारा ओढून एकमेकींना लावल्या की स्टार्टर लागतो. मालकांना घाई होती. ट्रॉलीवाल्यांत एखादा मेकॅनिक असेलच. इंजिनिअर मनाचा चांगला असेल, पण त्याला मी ओळखते किती? ब्रेकर मी पाडला होता खरा, पण पाडलेला ब्रेकर टाकायला काय लागतं? वाटेत मी सगळ्या जगावर संशय घेतला. आणि त्याहून मोठी भीती ही, की तिकडं सुरू झालं तरी ढम वाजणार नव्हतं. मला कळणार नव्हतं, आणि ह्यांनाही नाही.

पंपापाशी पोचले तर शेवटच्या खांबाखाली ह्यांची गाडी उभी, चालू. तिच्याशेजारी पंपाचे राखणदार, तांड्यावरचे वयस्कर गृहस्थ, एका हातानं ॲक्सिलेटर पिळत होते. मला बघून त्यांनी हात काढला आणि गाडी बंद पडली.

"भाऊनं सांगितलं ताई," ते म्हणाले, "जरा चालू ठेव म्हणून."

गाडीच्या हँडलला ह्यांच्याजवळची दुसरी साखळी अडकवलेली होती. ती वर तारांवर असायला पाहिजे होती. साखळी गाडीवर आणि माणूस खांबावर. मी वर बघितलं. आमचे हे नव्या इन्सुलेटरला मिठी मारल्यासारखे वाकून पाना फिरवत होते, तार बोटभर अंतरावर. मी खाली बसले, पंपाच्या ओट्यावर, आणि कमरेची किल्ली चाचपून बघितली. होती.

"एकच बोल्ट राहिला," ते वरून म्हणाले. तोंड आता मोकळं होतं, शब्द स्पष्ट आला. "झालंच..."

पुढचा शब्द त्यांनी गिळला. मी म्हटलं, "करा. आरामात करा. मी बसलेय." राखणदारांनी मला पाणी आणून दिलं. मला फार राग आला होता आणि रडूही येत होतं, दोन्ही एकदम, आणि दोन्ही मी पाण्याबरोबर खाली लोटलं.

ते उतरले तेव्हा घामानं भिजलेले होते आणि चेहऱ्यावर ते नेहमीचं हसू होतं, सिलिंडरच्या दिवशीचं. "सगळे ताटकळले म्हणून म्हटलं तुला उगं टेंशन नको. काम तर झालंच होतं. साखळी आधीच काढून खाली पाठवली, पुन्हा चढायला नको म्हणून. अन् तुमी चालू म्हणलं तरी तुमाला धा-पंधरा मिनिटं लागतातच की. तेवढ्यात मी उतरलो असतो."

म्हणजे त्यांनी माझा उशीर हिशेबात धरला होता, जसा मी नेहमी त्यांचा धरते. लग्नापासून आमचं असंच चालत आलं होतं आणि कधी काही बिघडलं नव्हतं.

"अन् समज, चालू झालंच असतं," ते पुढं म्हणाले, "तरी कळलं असतं मला. कालच्यासारखा ढम वाजला असता, बल्ब भपकला असता. मी हात काढला असता."

"आज ढम न्हाई," मी म्हटलं.

"काहून?"

मी त्यांना सांगितलं. आधी जोडून ठेवायचं, मग इंजिन, मग हातानं हळूहळू वर. आवाज नाही. बल्ब एवढ्या उन्हात लाल व्हायला लागला तरी दिसणार नाही. इंजिन नुसतं फिरलं, नॉबला हातही लावला नाही, तरी इथं दोनशेच्या वर व्होल्ट येतात. इंजिनिअर म्हणाला, शून्य समजा.

हसू गेलं. त्यांनी वर खांबाकडं बघितलं, नव्या इन्सुलेटरकडं, मग स्वतःच्या हातांकडं. राखणदारांना सगळं कळलं असेल असं नाही, पण ते गाडीपासून दोन पावलं मागं सरकले आणि हात धोतराला पुसत राहिले.

"चला," मी म्हटलं. "साखळी घ्या. पाना घ्या. तुमी पुढं चला, मी मागून येते."

"तू का मागून?"

"तुमी दिसत राहावं म्हणून."

ते गुपचूप पुढं निघाले. अख्ख्या रस्त्यात मी त्यांच्या पाठीवरून नजर काढली नाही, आणि सायलेन्सरचा तो खुळखुळाट मला पहिल्यांदाच बरा वाटला. कारखान्यात पोचलो तर जनरेटर गप्प होता आणि ब्रेकर पाडलेलाच होता. इंजिनिअर खुर्ची टाकून त्याच्यासमोरच बसला होता, मालकांच्या आणि मशिनीच्या मधे. त्यानं माझ्याकडं बघून घड्याळाकडं बघितलं. वैतागलेला होता, पण जागेवरून उठलेला नव्हता. वाटेत मी त्याच्यावर जे जे घेतलं होतं त्याबद्दल मला जरा लाज वाटली.

"आले का लाईनमन?" त्यानं विचारलं.

"हे काय," मी म्हटलं. हे साखळी खांद्यावर टाकून दारात उभे होते.

ब्रेकर टाकला. मी किल्ली लावली, इंजिन फिरलं, एका लयीत आलं. मीटरवर तेच आठ-नऊ. इंजिनिअर म्हणाला, "तुम्ही नॉब फिरवा, मी काटे बघतो. घाई करू नका." मी नॉबवर हात ठेवला. चारही बाजूंनी माणसं उभी होती, मालक, ट्रॉलीवाले, बॉयलरवाले. हे माझ्या शेजारी, हातभर अंतरावर. त्यांच्या अंगाला अजून नदीकडच्या मातीचा आणि घामाचा वास येत होता. ते तिथं होते, मला दिसत होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

तरी माझा हात फिरेना.

"उतरले ना तुमी?" मी विचारलं.

ट्रॉलीवाल्यांपैकी कुणीतरी हसलं. इंजिनिअरनं काट्यांवरून डोळे काढून आमच्याकडं बघितलं. हे हसले नाहीत. खांद्यावरची साखळी त्यांनी खाली काढली आणि माझ्या पायाशी जमिनीवर ठेवली.

"उतरलो," ते म्हणाले.

मी थोडी थांबले, पुढं काही येतं का ते ऐकायला. काही आलं नाही. मग मी नॉब फिरवायला घेतला.